कॅप्सूलचा प्रसाद

पिंगळीच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला चाल म्हणायचा मान यंदा पहिल्यांदाच बन्सीधररावांना मिळाला होता. आपला गळा म्हणजे पितळेची घंटा, असं ते गावभर सांगत फिरले. आणि सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी घंटेला तडा गेला! पाण्याचा घोट गिळला तरी घशात बाभळीचा काटा.

डॉक्टर सुकेशनीताईंनी घसा तपासला, कुठल्या औषधानं कधी अंगावर पित्त उठलं होतं का ते विचारलं आणि पेनिसिलीनच्या घराण्यातल्या कॅप्सूल दिल्या. दहा दिवस घ्यायच्या, एकही चुकवायची नाही.

तिसऱ्या दिवशी काटा गायब! बन्सीधरराव हरखले. पण एवढी गुणकारी वस्तू एकट्यानं खाणं त्यांना जमेना. केळं मिळालं तरी दहा जणांत वाटणारा माणूस तो. इकडे भजन करकरून टाळकऱ्यांचे आवाज फाटक्या ताडपत्रीसारखे झालेले. आरती झाल्यावर बन्सीधररावांनी प्रत्येकाच्या उजव्या हातावर एकेक कॅप्सूल ठेवली. सगळ्यांनी ती कपाळाला लावून गिळली. आबासाहेबांनी तर डोळे मिटून चावून खाल्ली आणि कडू तोंडानं नामस्मरण केलं.

पाचव्या दिवशी काटा परतला, सोबत भाऊबंद घेऊन. काला तीन दिवसांवर!

"राहिलेल्या गोळ्या कुठायत, काका?" ताईंनी विचारलं.

"वाटल्या."

ताईंनी कपाळाला हात लावला, मग समजावलं. जंतू वाढताना स्वतःभोवती भिंत बांधतो. हे औषध त्याच्या गवंड्याचा हात धरतं. कच्ची भिंत फुटते, जंतू मरतो. माणसाच्या पेशींना असली भिंतच नाही, म्हणून आपण शाबूत. टाळकऱ्यांचे घसे नुसते ओरडून बसलेले. तिथं औषध कुणाचा हात धरणार? उलट कुणाला सोसलं नसतं तर जिवावर बेतलं असतं.

"आणि थोडे जंतू उरले असताना औषध थांबवलंत, तेच पुन्हा वाढले. सप्ताह तिसऱ्या दिवशी उठवता का तुम्ही?"

बन्सीधररावांनी त्या चिमुकल्या कॅप्सूलला मनापासून हात जोडले. गवंडी नेमका ओळखणारी ही बुद्धी देवानं माणसाला दिली! नवं पाकीट मात्र बायनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या कारभारणीनं, स्वतःच्या पदराला बांधलं.

काल्याला गळा असा लागला की महाराजांनी स्वतःचा हार त्यांच्या गळ्यात घातला. पंगतीत बन्सीधरराव रंगून सांगायला लागले, "लय थोर औषध हाय. पर नेम पाळावा लागतो. एक खेप बी चुकवायची न्हाई."

आबासाहेबांनी लगेच उजवा हात पसरला. बायनाबाईंनी त्यावर काल्याच्या लाह्या ठेवल्या आणि नवऱ्यापुढं तांब्या धरला.

"आ करा. तुमची दुपारची राहिली."