उलट्या बाणाचा बाक

बायकोच्या, येलिकाच्या वर्षश्राद्धाला माणसं बसणार कुठे, म्हणून रादिसावने तिच्या कबरीपाशी लोखंडी बाक रोवायचं ठरवलं. कारखान्यात आयुष्यभर आराखडे काढलेला माणूस. कॉम्प्युटरवर त्याने एकच बैठक काढली, खाली पाय, मागे टेकू. मग हीच बैठक ओळीने पुढे काढत जा, अशी आज्ञा दिली. अंतर सांगितलं, संख्या सांगितली. दिशेचा बाण तेवढा बघायचा राहिला. उजवीकडे हवा होता, तो डावीकडे होता.

वेल्डर मिलोवानने आराखड्याप्रमाणे बाक बनवला आणि आराखड्याप्रमाणेच सिमेंटात रोवला.

श्राद्धाच्या सकाळी रादिसाव नैवेद्याचे शिजवलेले गहू आणि राकिया या घरगुती दारूची बाटली घेऊन पोचला. पहिली बैठक येलिकापुढे होती. बाकीच्या सगळ्या शेजारच्या विदोसावाच्या कबरीपुढे. एका जर्दाळूच्या झाडावरून या दोघी मरेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"मिलोवान, डोळे फुटले होते का तुझे?"

"काका, कागदावर होतं तेच केलं. मला वाटलं, मिटलं तुमचं."

तेवढ्यात विदोसावाचा नवरा तिहोमिर लोखंड कापायची करवत घेऊन आला.

"मेल्यावरही पाय पसरतेय तुझी बायको! काढ हा बाक!"

रादिसाव चूक कबूल करणारच होता. पण येलिकाचा उद्धार झाला आणि तो विदोसावापुढच्या बैठकीवर जाऊन बसला.

"काप. आधी मला काप."

"ऊठ म्हणतो ना!"

"नाही उठत."

"मग मीही बसतो. जागा माझी आहे!"

पाहुणे आले. दोन म्हातारे बाकावर अंतर राखून बसलेले, तोंडं फुगवून. मध्ये बसायचं म्हणजे कुणाची तरी बाजू घेणं आलं. सगळे उभ्यानेच जेवले आणि गेले.

मग तिहोमिर म्हणाला, "विदोसावा म्हणत असेल, त्या बाईच्या बाकावर काय बसलायस?"

"येलिका म्हणत असेल, याला थेंबभर राकिया दिलीस तर याद राख."

रादिसावने बाटली उघडली.

"बघ हां येलिका," तो मोठ्याने म्हणाला, "याला देतोय!"

"आणि मी पितोय!" तिहोमिरही विदोसावाच्या कबरीकडे बघून ओरडला.

दोघांनी थोडा वेळ वाट पाहिली. कुणीच रागावलं नाही.

रादिसावने तिहोमिरचा पेला पुन्हा भरला आणि या वेळी येलिकाकडे बघून आणखी मोठ्याने ओरडला.