रोज दोनच पानं

नानांना मी कादंबरीचा शेवट सांगून टाकला. तोही पुस्तक न वाचता, सिनेमा पाहून.

नाना म्हणजे मखमलाबादचे आमचे शेजारी. सकाळी फुलबाजारात झेंडू विकतात आणि दुपारी ओट्यावर बसून कादंबरी वाचतात. मोठ्यांदा, रोज दोनच पानं. गोष्टीतलं घर पेटलेलं असलं तरी तिसरं पान उघडायचं नाही. "जळू द्या. उद्या बघू," म्हणून पुस्तक मिटतात. समोर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, माळा ओवत असतात. मग दोघं भांडतात. नायिकेच्या दारात नानांना कडुनिंब दिसतो, काकूंना शेवगा. पुस्तकात नुसतं 'झाड' लिहिलेलं.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, मला असा रेंगाळलेला कारभार बघवत नाही. परवा त्यांची चौदा पानं उरली होती. नानांना फाटकात गाठून म्हणालो, "अहो, सहा महिने काय घासताय? मी दोन तासांत मोकळा झालो. तो पळून गेलेला भाऊ येतो की शेवटी परत!"

नानांनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "साहेब, हे काय केलं? आता ते माझ्या आवाजात येणार. तिला लगेच कळतं."

"मग दोघं सिनेमालाच जा ना," मी म्हणालो आणि जीभ चावली. काकूंना दिसत नाही.

"नेलं होतं, डोळे गेले त्या वर्षी," नाना म्हणाले. "थेटर हसलं की ही विचारायची, काय झालं? मी सांगेस्तोवर पुढचं होऊन जायचं. मग म्हणाली, तुम्ही बघा, मी बसते." पाटीतली फुलं ते उगाच सारखी करत राहिले. "पुस्तक थांबतं, साहेब. आम्हाला भांडू देतं."

दुसऱ्या दिवशी मी अपराध्यासारखा ओट्यावर जाऊन बसलो. नानांनी चार ओळी वाचल्या, तोच काकूंचा हात थांबला.

"तुम्हाला शेवट कळलाय. पुस्तक साहेबांकडं द्या."

नानांनी पुस्तक माझ्यापुढं केलं. मी घसा साफ करून अर्धं पान वाचलं, पण मन खाऊ लागलं.

"काकू, खरं सांगतो, शेवट मलाही माहीत आहे."

"असू द्या," काकू सुईत फूल ओवत म्हणाल्या. "बँकेत टोकन पुकारल्यासारखं वाचताय तुम्ही. त्यातनं कुणाला काय कळणार?"