कडेनं धरजो!

बाबाराव निखाडे पापडसुद्धा कडेनं धरून खायचे. अंगठा आणि पहिलं बोट, बस. बाकीची तीन बोटं हवेत. लग्नाच्या पंगतीत समोरच्याला वाटे, या गृहस्थांचा हात भाजलाय. हात वगैरे काही भाजला नव्हता. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता.

नाचणगावात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. नोकरी पुलगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसाच्या काट्यावर. घरी आले की साबणानं तीनदा हात धुवायचे आणि नाण्यांची पेटी उघडायचे. नाण्याच्या तोंडावर बोट लागलं की घामाचा डाग बसतो आणि तो जन्मात निघत नाही, हा त्यांचा धर्म. "कडेनं धरजो बाप्पा, कडेनं!" हे मी इतक्यांदा ऐकलं की घरी ताट उचलतानाही मला ते आठवे. एसटीच्या कंडक्टरनं दहा पैसे परत दिले तर तेही ते कडेनंच घेत. पहिला नातू मांडीवर घेताना मात्र त्यांची भलतीच पंचाईत झाली. पोराला कड कुठून आणणार?

पेटीतलं सगळ्यात लाडकं नाणं म्हणजे राणीछाप चांदीचा रुपया. टांकसाळीतून निघाल्यापासून बाजारात न फिरलेला, कोरा करकरीत. मखमलीच्या तुकड्यावर ठेवून ते तो हातभर अंतरावरून दाखवत. मी जरा वाकलो की म्हणत, "श्वास नका सोडू जी त्याच्यावर."

हे सगळं आनंदानं सहन करणारा माणूस एकच, सिंदी रेल्वेचे वासेकर मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, एकटे, आणि तेवढेच नाणेवेडे. दर रविवारी बाबाराव मांडीवर पेटी घेऊन पॅसेंजरनं सिंदीला जात आणि मास्तरांच्या ओसरीवर दोघं दुपारभर भांडत. मी एकदा सोबत गेलो होतो.

"हा रुपया कलकत्त्याच्या टांकसाळीचा हाये."

"मुंबईचा हाये, मास्तर. चष्मा बदला."

"तुमी डोकं बदला!"

चहावर साय धरली तरी कपाकडे कोणी पाहिलं नाही. इतकी सुखी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

मग मास्तरांची नजर जाऊ लागली. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि वर्षभरात सगळा अंधार झाला. एक दिवस मास्तरांनी शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं पोस्टकार्ड आलं. 'आता येत जाऊ नका. पाहणंच संपलं, तर बोलायचं काय? माझी नाणी कोण्या जाणकाराला देऊन टाका.'

बाबारावांनी ते कार्ड मला दाखवायला आणलं तेव्हा ते त्यांच्या मुठीत चुरगळलेलं होतं. मी या माणसाला कुठलीही वस्तू मुठीत धरलेली प्रथमच पाहत होतो.

"रविवारी संग चाला," ते म्हणाले. "मले एकट्याले जमनार नाई."

मास्तर ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. आमची चाहूल लागली तसे म्हणाले, "काऊन आले जी? नोका येऊ म्हनलं होतं ना?"

बाबाराव त्यांच्या शेजारी बसले. पेटी उघडून त्यांनी राणीछाप रुपया काढला आणि मास्तरांच्या तळव्यावर ठेवला. मास्तर दचकले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी तो दोन बोटांत कडेनं उचलला.

"कड सोडा, मास्तर," बाबाराव म्हणाले. "तोंडावर फिरवा बोट."

"डाग पडन, बाबाराव."

"पडू द्या."

मास्तरांचा अंगठा भीत भीत मुकुटावरून निघाला, नाकावरून, गालावरून खाली आला आणि गळ्याशी थांबला.

"हिच्या गयात माळ हाये?"

"हाये."

"इतक्या वर्षांत कधी दिसली नाई बाप्पा."

"मीच कधी जवळून पाहू देल्ली नाई," बाबाराव म्हणाले. मास्तर पुन्हा पुन्हा ती माळ चाचपत होते.

"पन हाये कलकत्त्याचाच," ते शेवटी म्हणाले.

"मुंबईचा!" बाबाराव ओरडले, आणि त्या दिवशीही चहावर साय धरली.

परतताना गाडीत त्यांनी पेटी उघडली. राणीच्या गालावर अंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटला होता. मी घाईनं खिशातून रुमाल काढला.

"हात नका लावू," बाबाराव म्हणाले. "मास्तरचा हाये तो."