मोरेश्वरपंत भेटायला येतात

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा मंडळं जास्त होती. वृक्षमित्र मंडळ होतं, हास्य मंडळ होतं, सकाळी नदीकाठी फिरणाऱ्यांचं मंडळ होतं. आणि एवढ्या मंडळांची आपापसांत भांडणं होऊ नयेत म्हणून आणखी एक मंडळ होतं. सगळ्यात जास्त भांडणं त्यातच व्हायची.

त्या जंगलात मोरेश्वरपंत नावाचे एक गिधाड राहत होते. हसू नका. नाव त्यांच्या आजोबांनी ठेवलं होतं, आणि आजोबांना कमी दिसायचं.

पंतांनी तीस वर्षं जंगलाच्या सफाई खात्यात काढली. काम चोख. त्यांच्या मागे कुठे एक हाड पडून राहिलं असं कधी झालं नाही. मग एक दिवस ते निवृत्त झाले. खात्याने त्यांना रानफुलांचा हार घातला. तो मानेवरून घसरला आणि पायांत पडला. तो चोचीत धरून पंत घरी आले.

पहिले दोन दिवस ते झोपले. तिसऱ्या दिवशी त्यांनी घरट्यातल्या सगळ्या काटक्या उपसून लांबीप्रमाणे लावल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी सुमित्राबाई स्वयंपाक करत होत्या, तेव्हा पंत मागे येऊन उभे राहिले आणि काही न बोलता नुसते बघत राहिले. बराच वेळ.

पाचव्या दिवशी सुमित्राबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही समाजसेवा का नाही करत?"

"समाजाला माझी गरज आहे का?"

"समाजाचं मला माहीत नाही. मला आहे. तुम्ही बाहेर पडा."

पंत बाहेर पडले.

सेवा मंडळाची कचेरी जांभळाच्या ढोलीत होती. तिथे चिंगूताई खार सचिव होत्या. त्या फार कामाच्या होत्या. एका पायाने शिक्का मारायच्या, दुसऱ्याने पावती फाडायच्या आणि तोंडाने शेंगदाणे सोलायच्या. त्यांनी पंतांना एक अर्ज दिला. 'आवडीचं काम' या रकान्यात पंतांनी लिहिलं, शांत बसणं. 'विशेष कौशल्य' या रकान्यात लिहिलं, वाट बघणं.

चिंगूताईंनी अर्ज दोनदा वाचला. "पंतकाका, इथे येणारा प्रत्येक जण भाषण करायचं म्हणतो. शांत बसतो म्हणणारे तुम्हीच पहिले. तुमच्यासाठी काहीतरी शोधू."

आधी त्यांनी पंतांना सशांच्या बालवाडीत पाठवलं. मुलांवर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. पंत फांदीवर बसले. खाली सव्वीस गुबगुबीत बाळं खेळत होती. पंतांनी मान वाकवून एकेकाकडे कौतुकाने बघितलं. अर्ध्या तासात सव्वीस आया आल्या. एकीच्या मुलाला म्हणे सर्दी झाली होती. दुसरीच्या घरी मामाचं लग्न होतं. तिसरीने कारणच दिलं नाही, बाळाचे कान धरले आणि पळाली.

मग त्यांना हास्य मंडळात पाठवलं. पंत पहिल्या रांगेत बसले, म्हणून त्या दिवशी कोणी हसलंच नाही. अध्यक्ष तरस होते. त्यांनासुद्धा हसू आलं नाही.

पंत परत कचेरीत आले. त्यांचे पंख खाली लोंबत होते. त्यांनी हळूच विचारलं, "चिंगूताई, दवाखान्यात आजारी लोकांना भेटायला कोणी जातं का?"

चिंगूताईंच्या तोंडातला शेंगदाणा खाली पडला.

"जातात की. पण दहा मिनिटांत उठतात. वेळ कोणाला आहे, काका?"

"मला आहे," पंत म्हणाले. "आमची आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होतो. पलीकडच्या डोंगरावर. तिच्याजवळ कोणी बसलेलं नव्हतं. ते मला अजून खटकतं. म्हणून म्हटलं, दुसऱ्या कोणाजवळ तरी बसावं."

चिंगूताईंनी शेंगदाणे बाजूला सारले. मग त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

दवाखाना वडाखाली होता. डॉक्टर होते करकोचे. चोच लांब, स्वभाव बरा. पहिल्या खाटेवर दाजी रानडुक्कर होते. त्यांच्या पोटात वीस दिवस दुखत होतं. वीसही दिवस त्यांना दोन वेळा मऊ खीर मिळत होती. खीर आली की दुखणं थोडा वेळ थांबायचं.

पंत दाजींच्या डोक्यावरच्या फांदीवर उतरले.

"कसं वाटतंय?" त्यांनी मायेने विचारलं.

"दुखतंय," दाजी कण्हले. मग त्यांनी वर बघितलं. वर एक लांब उघडी मान होती आणि दोन शांत डोळे होते.

"असू द्या. सावकाश होऊ द्या," पंत म्हणाले. "मला कुठे जायची घाई नाही."

"तुम्ही... इथेच बसणार?"

"शेवटपर्यंत," पंत म्हणाले. ते आणखी खालच्या फांदीवर सरकले.

संध्याकाळच्या खिरीआधीच दाजी बरे झाले. चालत नाही, धावत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कोल्हीणबाईंची कंबर सुटली. चार महिने धरलेली कंबर होती. तिसऱ्या दिवशी खोकल्याची तीन माकडं पंतांना लांबूनच येताना बघून बरी झाली. आठवड्याभरात दवाखाना रिकामा. डॉक्टर करकोचे एका पायावर उभे राहून म्हणाले, "पंत, मी इतकी वर्षं मुळ्या उगाळतोय. पण तुमच्या सोबतीत जो गुण आहे, तो माझ्या एका मुळीत नाही."

पंत घरी गेले ते तरंगतच. "सुमित्रा, मला माझं काम सापडलं गं," ते म्हणाले. "गोड बोलणं आणि जवळ बसणं. बस. बाकी काही लागत नाही."

सुमित्राबाईंनी पंतांना ताटातला मोठा तुकडा वाढला आणि पाठ फिरवली.

आता सेवा मंडळाने पंतांचा सत्कार ठरवला. सत्कार म्हटल्यावर भाषणं आली. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या वतीने दाजी रानडुक्कर बोलायला उभे राहिले. दाजी मनाचे वाईट नव्हते. फक्त त्यांना खरं बोलायची सवय होती, आणि समोर गर्दी होती.

"मित्रहो," दाजी म्हणाले, "मी डोळे उघडले तर वर हे! म्हणाले, मी शेवटपर्यंत बसतो! म्हटलं दाजी, आता उठलास तर उठलास, नाहीतर उद्या याच्या पोटात!"

सगळं जंगल हसलं. कोल्हीणबाई हसल्या. माकडं हसत हसत झाडावरून पडली. हास्य मंडळाचे तरस तर जमिनीवर लोळले.

व्यासपीठावर बसलेले पंत तेवढे हसले नाहीत. त्यांनी समोरच्या सगळ्या तोंडांकडे एकदा बघितलं. मग अंगावरची शाल काढली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि उडून गेले.

घरी आल्यावर त्यांनी सुमित्राबाईंना विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं हो," सुमित्राबाई म्हणाल्या. "पण तुम्ही इतके खुशीत होतात. मला सांगवेना."

पंतांनी दवाखान्यात जाणं सोडलं. पंधरा दिवसांत सगळ्या खाटा भरल्या. दाजींचं पोट पुन्हा दुखू लागलं. डॉक्टर आणि चिंगूताई दोघं मिळून पंतांच्या घरी आले.

"पंतकाका, रोज एक तास फक्त," चिंगूताई म्हणाल्या. "बोलायचंसुद्धा नाही. नुसतं फांदीवर बसायचं. जरा मान लांब करून."

"मला सोबत करायची होती," पंत म्हणाले. "धाक घालायचा नव्हता. त्यासाठी दुसरं कोणीतरी बघा."

दोघं निघाले. जाता जाता डॉक्टर थांबले. "एक निरोप आहे. सांगू की नको, कळत नाही. टेकडीमागच्या गजराआक्का आजारी आहेत. त्यांनी तुम्हाला नाव घेऊन बोलावलंय."

गजराआक्का म्हणजे जंगलातली सगळ्यात म्हातारी हत्तीण. दुसऱ्या दिवशी दुपारी पंत गेले. जायचं नव्हतं, पण नाव घेऊन कोणी बोलावलं तर गिधाडालासुद्धा नाही म्हणता येत नाही. आक्का बांबूच्या सावलीत आडव्या पडल्या होत्या. पंत लांबच्या एका दगडावर बसले, मान पंखांत घालून, जितकं लहान दिसता येईल तितकं लहान होऊन.

"जवळ या," आक्का म्हणाल्या. "एवढी मोठी मी, तुम्हाला काय घाबरते? मला एक सांगा. इथे रोज दहा जण येतात. म्हणतात, आक्का, कालपेक्षा चेहरा ताजा दिसतोय. सून म्हणते, पावसाळ्यात आपण नदीवर जाऊ. मी विचारते तेव्हा डॉक्टर आकाशाकडे बघतात. तुम्ही तीस वर्षं हे बघितलंय. किती दिवस?"

पंत दगडावरून उतरून जवळ आले. मग त्यांनी आक्कांचे डोळे बघितले, श्वास ऐकला.

"पंधरा," ते म्हणाले. "फार तर वीस."

आक्कांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की बांबूची पानं हलली. "हुश्श! मग धाकट्याला बोलावून घेते. तो सात वर्षं माझ्याशी बोलत नाही. मी आपली वाट बघत होते, बरी झाले की बघू म्हणून. चुकून बरं वाटेल या आशेवर माणूस सगळं पुढे ढकलतं."

"आपण हत्ती आहात," पंत नम्रपणे म्हणाले.

"तेच ते," आक्का म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

पंत रोज जाऊ लागले. आक्का कधी बोलायच्या, कधी नाही. न बोलणं पंतांना फार छान जमायचं. एके दिवशी आक्कांनी विचारलं, "दुखतं का हो, शेवटी?"

"मला ठाऊक नाही," पंत म्हणाले. "आम्ही नंतर येतो."

"तुमची मंडळी माझ्याकडेही येतील ना?"

पंतांनी मान खाली घातली. "येतील."

"त्यांना सांगा, सावकाश चालू द्या. मी काही पळून जात नाही."

धाकटा आला. दोन दिवस तोंड फिरवून उभा राहिला, तिसऱ्या दिवशी आईच्या सोंडेत सोंड घालून रडला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आक्का गेल्या. एका बाजूला धाकटा होता, दुसऱ्या बाजूला पंत होते. पंत त्या दिवशी घरी आले आणि जेवले नाहीत. सुमित्राबाईंनी आग्रह केला नाही. त्या त्यांच्या शेजारी फांदीवर येऊन बसल्या, इतकंच.

त्यानंतर महिनाभर कोणी बोलावलं नाही. मग एका म्हाताऱ्या सांबराने बोलावलं. मग एका वानरआजीने. ज्यांना बरं व्हायचं होतं ते पंतांचं नाव काढत नसत. ज्यांना खरं ऐकायचं होतं ते निरोप पाठवत. पंत जात, बसत, विचारलं तरच सांगत.

इकडे दवाखान्याच्या खाटा काही रिकाम्या होईनात. चिंगूताई मोठ्या हुशार. त्यांनी जुनं गोणपाट मागवलं, त्यात पेंढा भरला, काळा रंग दिला, वर वाळक्या भोपळ्याची लांब मान बसवली. झालं गिधाड. ते दाजींच्या खाटेवरच्या फांदीला बांधलं. दाजी त्याच संध्याकाळी बरे झाले.

वर्ष संपलं. सेवा मंडळाची मोठी सभा भरली. चिंगूताईंनी अहवाल वाचला.

"मोरेश्वरपंत. सत्कारानंतर भेट दिलेले रुग्ण, चार. त्यांपैकी बरे झालेले, एकही नाही." सभेत कुजबुज झाली. "पंतांचं काम यंदा फारच खालावलं आहे. पुढच्या वर्षी सुधारणा दिसली नाही, तर त्यांचं नाव यादीतून कमी करावं लागेल."

सगळ्यांनी माना हलवल्या. काही जणांना वाईटही वाटलं. सुरुवात किती चांगली केली होती त्यांनी!

मग टाळ्यांच्या गजरात यंदाचा उत्कृष्ट सेवक पुरस्कार जाहीर झाला. तो पेंढ्याच्या गिधाडाला मिळाला. तीनशेहून अधिक रुग्ण बरे. एकही सुट्टी नाही. एकही तक्रार नाही. सभेत कोणाचंही बोलणं मध्येच तोडलं नाही. डॉक्टर करकोच्यांच्या हस्ते त्याला शाल पांघरण्यात आली, आणि मानपत्र दाजींनी वाचलं.

मोरेश्वरपंत सभेला आले नव्हते. त्या वेळी ते ओढ्यापलीकडे एका आंधळ्या साळिंदराच्या बिळाशी बसले होते. वाघाशी आपली गाठ कशी पडली, ते साळिंदरआजोबा तिसऱ्यांदा सांगत होते. मध्ये मध्ये त्यांना दम लागत होता. दम लागला की ते थांबत. पंतही थांबत.

मग पंत विचारत, "बरं, मग? वाघ काय म्हणाला?"

तात्पर्य : बाळांनो, समाजसेवा जरूर करावी. मात्र आपल्याला खरोखर जमेल असं काम सापडलंच, तर ते गुपचूप करत राहावं, मंडळाला कळवू नये. आणि ज्याला पुरस्कारच हवा असेल, त्याने आधी पोटात नीट पेंढा भरून घ्यावा.