टाकीत खाणं कोण कोण घालतं?

शनिवारी सकाळी अकरा वाजता वडील बनियनवर, एका हातात रबरी नळी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन माशांच्या टाकीसमोर स्टुलावर बसले होते. नळीतून टाकीतलं पाणी बादलीत पडत होतं आणि फोनवरचा माणूस सांगत होता, की त्याचा मासा हल्ली उदास दिसतो.

"उदास म्हणजे काय करतो?" वडिलांनी विचारलं.

"काहीच करत नाही हो. एका जागी थांबून माझ्याकडे बघत राहतो."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी त्याच्याकडे बघतो."

"मग त्यालाही तुमच्याबद्दल तेच वाटत असणार. टाकी किती लिटरची?"

पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर वडिलांनी 'गोड्या पाण्यातले मित्र' नावाचा ग्रुप काढला होता. सभासद सहाशे बारा. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांतले चौघे तर त्यांच्याहून वयाने मोठे होते. नळाचं पाणी थेट ओतलं तर चालतं का, गोल्डफिश गोल बरणीत का जगत नाही, झोपताना फिल्टर बंद करावा का, असे प्रश्न दिवसभर येत. वडील कोणालाही सरळ उत्तर देत नसत. आधी स्वतःच पाच प्रश्न विचारत: टाकी किती लिटरची, मासे किती, पाणी कधी बदललं, फिल्टर बंद करता का, आणि घरात खाणं कोण कोण घालतं. पाचव्या प्रश्नाला बहुतेक घरांत भांडण लागे. फोनवरचा नवरा म्हणे, "मीच घालतो, एकदाच." मागून बायकोचा आवाज येई, "अय्या, मग सकाळी मी घालते ते?" आणि मग आतल्या खोलीतले आजोबा खोकत. "सगळ्यांनी आपापलं कबूल करा, मग उपाय सांगतो," असं म्हणून वडील निवांत बसत. उपाय जवळजवळ नेहमी एकच असे: खाणं कमी करा.

"जरा बादली धर गं," त्यांनी हाक मारली.

मुलगी शेजारच्या खोलीत एका जाडजूड इतिहासाची प्रुफं तपासत होती. "पाच मिनिटं, बाबा. एक वाक्य अडकलंय."

"वाक्य थांबेल. पाणी थांबायचं नाही."

ती आली. एका हाताने बादली धरून दुसऱ्या हाताने प्रूफ वाचत राहिली. पाण्याचे शिंतोडे एका साम्राज्याच्या अस्तावर उडाले. वडील म्हणाले, "बुडालं का?" ती म्हणाली, "आधीच बुडालेलं होतं." मग दोघं आपापल्या कामाला लागली.

रविवारी दुपारी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचता वाचता वडील गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल.

सोमवारपासून माणसं भेटायला येऊ लागली. बाहेरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या टाकीकडे तोंड करून मांडलेल्या होत्या, कारण वडिलांनी त्या तशाच मांडल्या होत्या. सांत्वनाला आलेला माणूस पहिली पाच मिनिटं बोलतो. मग त्याला बघायला काहीतरी लागतं. इथे टाकी होती. आणि टाकीजवळ कोणीही गेलं, की आतले एकवीस मासे काचेशी येऊन तोंडं उघडत. मासे हे सगळ्यांनाच करतात. वीज मीटर बघायला येणाऱ्या माणसालाही करतात.

"बघा, बघा! वाट बघताहेत बिचारे," आत्या म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या हाताने डबा उघडला. "दादा गेला, आता ह्यांच्याकडे कोण बघणार?" एक चिमूट पडली. मासे तुटून पडले. "उपाशी होते गं!" दुसरी चिमूट पडली.

"आत्या, ते नेहमीच उपाशी असल्यासारखे दिसतात."

"तुला नाही कळायचं. तू आपली पुस्तकात."

आई सकाळी सहाला खाणं घालू लागली, कारण वडील सहाला घालत. वडील नऊला घालत असत, पण आई तेव्हा आंघोळीला जाई, त्यामुळे टाकी घरात आल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत तिला हे कळलं नव्हतं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर चहाबरोबर मिळालेल्या बिस्किटाचा चतकोर तुकडा दर भेटीला मूकपणे टाकीत सोडत. ते दिवसातून दोन भेटी देत.

तिसऱ्या दिवशी पाणी पांढुरकं झालं. हेडमास्तरांनी चष्मा लावून पाहिलं. "सुतक आहे घराला. पाण्यालाही कळतं."

"फिल्टर का बंद आहे?" मुलीने विचारलं.

"मी केला. घरात दुःख आहे आणि ही सारखी घरघर! माणसानं शांतता पाळायची कशी?"

तिने फिल्टर सुरू केला. तासाभराने आलेल्या पुढच्या मंडळींसमोर हेडमास्तरांनी तो पुन्हा शांततेसाठी बंद केला. बुधवारी आत्याने फिल्टरमधला स्पंज बाहेर काढला आणि भांड्यांच्या साबणाने सिंकखाली घासून घासून पांढराशुभ्र केला. "एवढा काळा! दादा इतका स्वच्छ, आणि त्याच्या टाकीत ही घाण." ह्या घाणीत टाकी स्वच्छ ठेवणारे जिवाणू राहतात, असं वडील गेली कित्येक वर्षं सहाशे बारा लोकांना सांगत होते. घरात सांगायचं राहून गेलं होतं. गुरुवारी हेडमास्तरांनी मूठभर मीठ टाकलं, कारण मिठाने घसा बरा होतो. न्हाणीघरातले दोन ड्रम, ज्यांत वडील बदलायचं पाणी दोन दोन दिवस शिळं करत ठेवायचे, ते आत्याने रिकामे केले. म्हणाली, डास होतील.

इकडे ग्रुपवर मुलीने वडिलांच्या फोनवरून दोन ओळींचा निरोप लिहिला होता. तीनदा वाचून, एक स्वल्पविराम काढून पाठवला होता. दोनशे अकरा श्रद्धांजल्या आल्या. त्यांतली चौथी अशी: 'अतिशय दुःखद. कधीही न भरून येणारी पोकळी. काका पाणी किती दिवसांनी बदलायला सांगायचे, सात की दहा? कोणी सांगेल का?' त्यावर अठ्ठावीस जणांनी हात जोडले आणि दोन गट पडले. सातवाल्यांनी दहावाल्यांना काकांच्या विचारांचे मारेकरी म्हटलं.

शेवटी दाताचे डॉक्टर मध्ये पडले. हे ग्रुपचे दुसरे ॲडमिन. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून त्याच्याशी बोलण्याची दिवसभराची सवय असल्यामुळे त्यांना उत्तराची अपेक्षा नसे. त्यांनी जाहीर केलं: 'येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आपण वीस जण काकांच्या घरी जाऊन त्यांच्या आदर्श टाकीसमोर दोन मिनिटं उभे राहू. नंतर टाकीचा फोटो ग्रुपचा कायमचा फोटो म्हणून लावला जाईल. टाकी कशी असावी, हे नव्या सभासदांनी डोळे भरून पाहावं.'

शनिवारी दुपारी मुलीने टाकीकडे डोळे भरून पाहिलं. आत कोणीतरी ताक ओतल्यासारखं दिसत होतं. एकवीसपैकी अठरा मासे पृष्ठभागाशी येऊन हवा पीत होते. तीन कुठेच दिसत नव्हते.

"आई, हे मरताहेत."

"असं बोलू नये," आई म्हणाली. "त्यांचे आहेत ते."

"म्हणूनच सांगते."

आत्याने डबा उचलला. "थोडं खातील तर ताकद येईल."

"डबा खाली ठेव, आत्या!"

घरात आठवड्यात पहिल्यांदा कोणी ओरडलं होतं. आत्याने डबा ठेवला.

मुलीने वडिलांचा फोन उघडला. पांढऱ्या पाण्याबद्दल लोकांनी विचारलेले शंभरएक प्रश्न होते आणि प्रत्येकाखाली वडिलांचं उत्तर. पण वडील टाइप करत नसत, बोलून पाठवत. बारा सेकंद. चाळीस सेकंद. एक मिनिट दहा. तिने अंगठा एका उत्तरावर नेला आणि काढून घेतला. दुसऱ्यावर नेला, काढून घेतला. मग तिने तो फोन उलटा करून ठेवला.

तिचा स्वतःचा नंबर ग्रुपमध्ये होता. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी तिला न विचारता घेतलं होतं आणि तिने त्याच मिनिटाला ग्रुपचा आवाज बंद केला होता. नाव लावलेलं नव्हतं. तिने लिहिलं: 'टाकीतलं पाणी पांढरं झालं आहे. मासे वर येऊन श्वास घेत आहेत. काय करावं?'

आठ सेकंदांत पाच प्रश्न आले. मग तेच पाच प्रश्न दुसऱ्याकडून, तिसऱ्याकडून. प्रश्नांचा क्रमही वडिलांचा, आणि शेवटी 'खरं सांगा' हेही वडिलांचंच. तिने खरं सांगितलं: दोनशे लिटर. मासे एकवीस, बहुधा अठरा. पाणी गेल्या शनिवारी. फिल्टर मधून मधून बंद. खाणं दिवसातून अकरा वेळा.

ग्रुप पेटला.

'अकरा??? टाकी आहे की लग्नाचा हॉल?'

'अशा लोकांना मासे विकायलाच नकोत.'

'काका असते तर आज तुमची खैर नव्हती ताई.'

'उद्या दहा वाजता काकांच्या घरी या. टाकी कशी ठेवतात ते एकदा बघा. लाज वाटेल.'

आणि एकाने समजूतदारपणे विचारलं, 'टाकी कोणाची आहे?'

'वडिलांची,' तिने लिहिलं.

'मग वडिलांना विचारा ना आधी!'

ती ह्या ओळीकडे बघत असतानाच फोन वाजला. दाताचे डॉक्टर होते. तिने फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला, कारण हातात नळी होती.

"मी ॲडमिन बोलतोय. तुमचा मेसेज वाचून मला राहवलं नाही. ताई, अकरा वेळा म्हणजे हा मासेपालनाचा प्रकार नाही, हा गुन्हा आहे. उद्या काकांच्या घरी मी स्वतः तुम्हाला टाकी दाखवतो. पत्ता लिहून घ्या—"

"पत्ता माहीत आहे."

"उत्तम. दहाला पोहोचा. पुढे उभं राहायला जागा मिळेल."

"डॉक्टर, मी इथेच असणार आहे. तुम्ही याल तेव्हा."

"इथे म्हणजे कुठे?"

"टाकीपाशी."

दवाखान्यातल्या यंत्राचा आवाज फोनवर येत होता. तो बंद झाला. कोणीतरी उघड्या तोंडाने "आं?" असं विचारलं, आणि डॉक्टर त्याला म्हणाले, "एक मिनिट, चूळ भरा." आई दारात येऊन उभी राहिली. आत्या खुर्चीतच होती.

"मी सगळं रद्द करतो उद्याचं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

"ते नंतर बघू. आत्ता काय करू ते सांगा."

"शिळं पाणी आहे का?"

"नाही. डास होतील म्हणून ओतून दिलं."

"माझ्याकडे दोन ड्रम आहेत. हा पेशंट झाला की घेऊन निघतो. तोवर फिल्टर चालू ठेवा आणि तांब्यानं पाणी वर उचलून उंचावरून परत टाकत राहा. हवा मिळेल. साबण वगैरे लावलेला नाही ना कशाला?"

मुलीने आत्याकडे पाहिलं.

"स्पंजाला," आत्या छताकडे बघत म्हणाली. "थोडा."

"बरं. माझ्या टाकीतला मळका स्पंजही आणतो. आणि खाणं बंद. चार दिवस एक कणही नाही." ते थांबले. "पण आधी कबुली लागेल. काकांची पद्धत आहे, मी मोडणार नाही. अकरा वेळा कोण कोण?"

"मी सकाळी सहाला," आई दारातून म्हणाली. "हे घालायचे म्हणून."

"काका नऊला घालायचे, काकू."

"नऊला?" आईने टाकीकडे पाहिलं, जणू तिच्या अपरोक्ष काहीतरी चाललं होतं. "मला नाही कधी बोलले."

"मी तीनदा," आत्या म्हणाली. "चारदा धरा. आणि दुपारची एक चिमूट, ती मोजायची का?"

"मोजायची. पाच. आई धरून सहा."

"शेजारचे हेडमास्तर दोनदा," मुलगी तांब्या बुडवत म्हणाली. "बिस्किट."

"मारीचं की क्रीमचं?"

"क्रीमचं."

"अरे देवा. आठ." डॉक्टर मोजत होते, दाढा मोजतात तसे. "आठच होतात ताई. तुम्ही अकरा लिहिलंत. उरलेले तीन?"

मुलीने तांब्या वर उचलला आणि पाणी सोडलं. पुन्हा उचलला.

"पाहुणे असतील," आत्या म्हणाली.

"पाहुण्यांना डबा मी दिला नाही," आई म्हणाली.

"तीन वेळा कोण?" डॉक्टरांनी विचारलं. ह्या वेळी ते उत्तरासाठी थांबले.

"मी," मुलगी म्हणाली.

आत्या खुर्चीत सरळ झाली. "आणि माझ्यावर ओरडलीस ती?"

"मला माहीत होतं, घालायचं नसतं. लहानपणापासून माहीत आहे. सगळ्यांना मी सांगत होते घालू नका, आणि तुम्ही चहाला आत गेलात की मी घालत होते."

"पण का?" फोनमधून विचारलं गेलं.

तांब्या हातातच राहिला. मासे काचेशी आले होते, थोडे थोडे, पांढऱ्या पाण्यातून. तिने आईकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि ह्या आठवड्यात ह्या घरात कोणी कोणाला म्हटलं नव्हतं ते मोठ्याने म्हणाली:

"मला बाबांची फार आठवण येते."