भिकूनानांची फ्रान्सची तयारी

आमच्या आळीत दिवसाउजेडी दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडून एकीवर स्वतः बसण्याचा आणि दुसरीवर बायकोला बसवण्याचा गुन्हा पहिल्यांदा भिकूनानांनी केला. तोही परसात नाही की माजघरात नाही. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला कुंपणाच्या दगडी गडग्यावरून सरळ दिसेल असा. काकू खुर्चीच्या अगदी कडेला, आता पडतील की मग पडतील अशा बसलेल्या, आणि नाना मात्र पाय लांब करून, मान मागे टाकून, डोळे मिटून. पहिल्याच दिवशी भाऊ वैद्यांनी गडग्यापलीकडून विचारलं, "काय हो भिकाजीपंत, वहिनींना बरं नाही काय?"

"उत्तम आहे प्रकृती," नाना डोळे न उघडता म्हणाले. "तिकडची तयारी आहे."

तिकडची म्हणजे फ्रान्सची.

मी लग्न होऊन रत्नागिरीत आले ती एकोणीसशे तिसाच्या आगेमागे. आमचे हे शाळेत मास्तर, त्यामुळे नाना मला पहिल्या दिवसापासून मास्तरीणबाई म्हणत. आमचं बिऱ्हाड त्यांच्या घराला लागून, मधे फक्त जांभ्याचा गडगा. तिकडे कढी उतू गेली तरी इकडे कळायचं. लोक म्हणत, भिकूनाना वेडे आहेत. म्हणोत बापडे. त्या म्हणणाऱ्यांपैकी एकानं तरी जन्मात एकदा आपल्या बायकोला 'तू जेवलीस का' असं विचारलं असेल, तर मी माझं नाव बदलीन.

नाना मांडवी बंदरावर आगबोटीच्या तिकीट-कचेरीत कारकून होते. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे. कोणी कुठल्या पडावात चढायचं ते किनाऱ्यावरून ओरडून सांगायचं काम नानांचं. आवाज असा की मांडवीवर ओरडले तर राजिवड्यात भांडी पडावीत. अर्ध्या जिल्ह्याला मुंबईला पोचवणारा हा माणूस स्वतः जयगडच्या पुढे कधी गेला नव्हता. खरं सांगायचं तर उभ्या पडावात पाय ठेवला तरी त्यांना मळमळायचं.

आणि असा माणूस निघाला होता फ्रान्सला!

त्याचं झालं असं. बोटीवरच्या कुणा साहेबानं टाकून दिलेला चित्रांचा इंग्रजी कागद एकदा त्यांच्या हाती लागला. त्यात समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र होतं. एक गोरा आणि त्याची मड्डम दोन लांब खुर्च्यांवर शेजारी-शेजारी पसरलेले, दोघांच्या डोक्यावर मिळून एकच छत्री, आणि दोघं हसतायत. नानांनी तो कागद आमच्या ह्यांच्याकडून वाचून घेतला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नवरा-बायको नुसते हवा खायला जातात, असं त्यात होतं. "नुसते?" नानांनी तीनदा विचारलं. नवस नाही, कुणाचं लग्नकार्य नाही, कुणी आजारी नाही, नुसते? मग तो कागद त्यांनी ओटीवर वाडवडलांच्या तसबिरींच्या रांगेत खिळ्यानं ठोकला.

भाऊ वैद्यांनी विचारायचं ते विचारलंच. "अहो, समुद्र बघायला फ्रान्स कशाला? अष्टौप्रहर कानाशी गाजतोय की इथं!"

"हा समुद्र?" नाना उसळले. "ह्या समुद्रावर गणपती बुडवता येतो, ग्रहणाचं स्नान करता येतं, मेलेल्याची राख सोडता येते. बायकोशेजारी बसता येतं काय? बसून दाखवा उद्या. आहे बिशाद? मला हिच्याशेजारी समुद्रावर बसायचंय. दिवसाढवळ्या. एवढंच. त्यासाठी फ्रान्सला जावं लागत असेल तर जाईन. कलमांची बाग विकीन, पण जाईन!"

वैद्यांनी उपरणं झटकलं आणि चालू लागले. आमच्यात तेव्हा नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे. पुरुषांनी ओटीवर बसायचं, बायकांनी माजघरात. दिवसा नवऱ्याशी बोलायचं तर भिंतीकडे बघून बोलायचं.

तिकडची तयारी म्हणून नानांनी आधी चालायला घेतलं. विठोबाच्या देवळापर्यंत दोघांनी बरोबरीनं जायचं. नाना हळू झाले की काकू हळू होत. नाना थांबले की काकू थांबत. चार पावलांचं अंतर काही केल्या तुटेना. शेवटी नाना वैतागून त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले, आणि नवऱ्याच्या पुढे पाऊल टाकायचं कसं म्हणून काकू जागच्या जागी खिळल्या. भर रस्त्यात दोघं एकामागे एक उभी. एक बैलगाडी आली, गाडीवान बिचारा बराच वेळ वाट बघून शेवटी म्हणाला, "नानानू, खंयच्या देवीची पालखी निघालीहा काय?"

मग जेवण. दोन पाट समोरासमोर मांडले. "मी जेवायला बसल्ये तर वाढणार कोण?" काकूंनी विचारलं. नानांनी भाताचं तपेलं आणि आमटीचं पातेलं उचलून मधे आणून ठेवलं आणि स्वतःच्या हातानं काकूंना भात वाढला. काकूंचा घास काही घशाखाली उतरेना. उतरणार कसा? पलीकडे बायोआत्या बसली होती.

बायोआत्या म्हणजे नानांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. घर तिचंच. नाना पंचेचाळीस वर्षांचे घोडे झाले तरी तिच्या लेखी ते भिक्या. त्या दिवसापासून तिनं आपली चूल वेगळी मांडलीन आणि ह्या दोघांकडे पाठ करून जेवायला लागली. "भिक्या," ती भिंतीला सांगायची, "मेल्या, बाटशील. समुद्र ओलांडशील तर ह्या घरात तुझं पान मांडणार नाही."

"मांडू नको, बायो," नानाही भिंतीलाच उत्तर द्यायचे. "तिकडे टेबलावर जेवतात."

काकूंचं मात्र मला नवल वाटायचं. पहिले दोन महिने त्या नुसत्या लाजून अर्ध्या झाल्या. मग एके दिवशी गडग्याशी येऊन मला हळूच विचारतात, "कमळ, फ्रान्सात कुळीथ मिळत असतील काय गो?" मी म्हटलं, नसावेत. दुसऱ्या दिवशी कुळथाचं पीठ करायला घेतलं. मग मेतकूट, मग फणसपोळ्या. बाई मनानं निघाली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आता हे जमलं नाही तर हिचं काय होईल?

परदेशी जायला सरकारी पासपोर्ट लागतो. त्याच्या अर्जासाठी दोघं कचेरीत गेली, आणि बाईमाणसासोबत बाई हवी म्हणून मीही गेले. तिथल्या अव्वल कारकुनानं काकूंना रीतीप्रमाणं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

आता आली का पंचाईत! नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, मंगळागौरीला नाही तर लग्नात. नाना म्हणाले, मी सांगतो. कारकून म्हणाला, नाही, बाईंनीच सांगायला हवं. काकूंनी पदर सावरला, जमिनीकडे नजर लावली, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"मांडवीच्या बंदरात बोट लागते लांब,
भिकाजीरावांचं नाव घेत्ये, साहेब जरा थांब!"

कचेरीतले सगळे टाक जागच्या जागी थांबले. साहेबाला अरे-तुरे! पण कारकून भला होता. त्यानं हसू दाबत नाव लिहून घेतलं. परतीच्या वाटेवर नाना दर दहा पावलांनी थांबून म्हणत होते, "ऐकलंत ना मास्तरीणबाई? काय आवाज! बिशाद आहे कुणाची!"

घोडं अडलं ते फोटोपाशी. फोटोवाला मुंबईहून वर्षातून एकदा यायचा आणि धर्मशाळेत पडदा टांगायचा. त्याची रीत ठरलेली. नवरा खुर्चीवर, बायको पाठीशी उभी. नाना म्हणाले, "छट्! ती बसेल, मी उभा राहतो." काकू म्हणाल्या, नवरा उभा असताना मी बसायची नाही, जीव गेला तरी नाही. फोटोवाल्यानं काळ्या फडक्यातून चारदा डोकं बाहेर काढलं. एकच खुर्ची होती, नाहीतर प्रश्न मिटला असता. शेवटी दोघंही हटून उभी राहिली आणि त्यानं चिडून चाप ओढला. फोटोत मधोमध खुर्ची ऐटीत रिकामी आणि दोन बाजूंना दोघं कडेला कापलेली. नानांचा उजवा कान नाही, काकूंचा डावा हात नाही.

नानांनी तोच फोटो अर्जाला लावून पाठवला. दुसरा काढायचा तर फोटोवाला पुढच्या वर्षी येणार, आणि तेवढा धीर त्यांना कुठला?

अर्ज महिन्याभरात परत आला. चेहरे नीट दिसत नाहीत, म्हणून.

आळीला काय, दिवाळीच झाली. भाऊ वैद्य तर खास चौकशीला आले. खुर्चीला मिळाला काय हो पासपोर्ट, असं विचारून स्वतःच हसले. बायोआत्यानं देवापुढे साखर ठेवलीन. नाना कुणाशी भांडले नाहीत, आणि तेच मला बघवेना. ओटीवरचा कागद त्यांनी उतरवला. बंदरावर त्यांचा आवाज इतका बसला की मालवणला जाणारं एक वऱ्हाड मुंबईच्या पडावात जाऊन बसलं. नवरदेव बोटीच्या शिडीवरून परत आणावा लागला.

असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी दुपारी चारला, बोटीच्या दिवशी, मी तांदूळ निवडत होते तर गडग्यापलीकडून आवाज आला.

"वन्सं, मी समुद्रावर जात्ये."

"का गो? कोण गेलं?" बायोआत्यानं विचारलंन.

"कोणी नाही. बसायला जात्ये. चुलीवर भात आहे, शिजला की उतरवा."

काकूंनी बायोआत्याला काम सांगितल्याचं मी तर कधी ऐकलं नव्हतं, आणि वीस वर्षांत तिनंही नसावं. "कमळ, चल," काकू रस्त्यावरून म्हणाल्या. मी सूप टाकलं आणि पळाले. काकू अशा झपाझप चालत होत्या की मीच चार पावलं मागे पडले.

बंदरावर ही गर्दी. मुंबईचे चाकरमानी, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, पोचवायला आलेली रडवेली माणसं. नाना कचेरीसमोरच्या दगडावर उभे राहून कसेबसे ओरडत होते. काकू त्या गर्दीतून सरळ गेल्या, नानांच्या समोरून पुढे गेल्या आणि पाण्याजवळ मांडवीच्या त्या काळ्या वाळूत चांगली मांडी घालून बसल्या. शेजारची वाळू हातानं सारखी केली.

"या," त्या म्हणाल्या.

सगळा किनारा बघायला लागला. आणि मी नानांच्या तोंडाकडे बघितलं. सगळ्या आळीला बिशाद विचारणारा हा माणूस पांढराफटक पडला होता.

"अगं, इथं?"

"हो, इथं."

"लोक आहेत."

"असू देत. फ्रान्सात काय माणसं नसतात?"

गर्दीतून भाऊ वैद्य म्हणाले, "काळ आलाय, दुसरं काय!" मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वैद्यबुवा, आला असेल तर तुम्ही निघा, पडाव सुटतोय." माझं तोंड तेव्हाही असंच होतं. नाना दगडावरून उतरले. आधी हातभर अंतर ठेवून बसले, मग जरा सरकले, मग आणखी. मी पाठ करून उभी राहिले. कान मात्र झाकले नाहीत, खोटं कशाला सांगू?

मग नाना बोलले, ते इतकं हळू की हा आवाज त्यांचाच का, असं मला वाटलं.

"चिमी गेली त्या दिवशी मला आत यायचं होतं."

चिमी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांची होऊन तापानं गेली, माझ्या लग्नाच्या खूप आधी. त्या घरात तिचं नाव कुणी काढत नसे.

"तू माजघरात रडत होतीस. ओटीवर ऐकू येत होतं सगळं. ओटीवर वीस-पंचवीस पुरुष. मधे एक दार. दोनदा उठलो गो. दोन्ही वेळा परत बसलो. बायकांत जाऊन बसला म्हणतील, म्हणून लाजलो. माझीच पोर गेली होती, आणि मी लाजलो. मग वाटायला लागलं, कुठंतरी लांब जावं. जिथं ओटी नाही, माजघर नाही."

लाट येऊन गेली, पुन्हा आली. मी न राहवून मागे वळून बघितलं. काकूंनी नानांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता, साऱ्या बंदरादेखत.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा दिसलात. मी सारखी दाराकडेच बघत होत्ये."