गजभियेंचे जपानी किल्ले

कुठल्याही नव्या घरात शिरलं की गजभिये आधी भिंतीवर बोटानं टकटक करायचे आणि मग यजमानाला विचारायचे, "लाकूड की सिमेंट?"

ही सवय त्यांनी जपानहून आणली होती. नव्वदच्या दशकात गजभिये आणि मी अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठात नोकरीला होतो. मूळचे ते नागपूरचे, बौद्ध, एकटे राहणारे. एका परिषदेसाठी ओकायामाला गेले आणि रेल्वेचा पास काढून आठवडाभर पश्चिम जपानातले किल्ले, देवळं बघत हिंडले. ओकायामाचा काळा किल्ला बाहेरून भव्य, आत शिरले तर सिमेंट आणि लिफ्ट. "तिथं फसलो, भाऊ," ते मला सांगायचे. "मात्सुएचा मात्र अस्सल. लाकडी, जिना शिडीसारखा उभा. जोडे काढून चढायचं."

आमच्या प्रत्येक जेवणावळीत ते प्रोजेक्टर घेऊन हजर. भात आणि गोडाच्या मध्ये किल्ले. मुलं "कॅसल्स अगेन?" म्हणत बेसमेंटमध्ये पळायची.

एकदा जेवण आमच्याकडे होतं. पंचवीस माणसं. हिनं चक्क्याऐवजी सावर क्रीमचं श्रीखंड केलं होतं.

"वहिनी, लाकूड की सिमेंट?"

"सावर क्रीम आहे," ही म्हणाली.

"म्हणजे सिमेंट," असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. लोक हसले. हिचा चेहरा उतरला, आणि मला राग आला.

आम्हा मंडळींत प्रवासाचा पुरावा एकच: नायगऱ्यापुढं साडीवर स्नीकर्स घालून उभी असलेली बायको. ज्या फोटोत आपलं माणूस नाही तो फोटो कसला? हिमेजीचा पांढरा किल्ला भिंतीवर आला तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "गजभिये, इतक्या स्लाइड झाल्या, तुम्ही एकीतही नाही. हा प्रवास लाकूड की सिमेंट?"

सगळं घर हसलं. त्यांनी प्रोजेक्टरचा दिवा बंद केला. "बरोबर आहे, भाऊ," एवढंच म्हणाले आणि लवकर निघून गेले. स्लाइडचा डबा आमच्याकडेच राहिला.

गजभिये जपानला गेलेच नव्हते, स्लाइड दुकानातून विकत आणल्या, ही अफवा तिथून सुटली. सोडणारा मी.

दुसऱ्या दिवशी खात्री करायला मी डबा उघडला. तळाशी दोन पत्रं होती. पहिलं त्यांच्या आईनं शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेलं. "फोटोत तू मधे उभा राहू नको. तुझं तोंड मला पाठ आहे. मला बुद्धाचा देश पाहायचा आहे, तो पुरा दिसू दे." दुसरं बहिणीचं. "आई गेली. आता स्लाइड आणू नकोस."

ते जपानला गेले होते. ज्यांनी माझ्याकडून उलटं ऐकलं त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तरी पुढं कोणी त्यांना 'सिमेंटवाले' म्हणालं की मीही हसायचो. पुढं ते दुसऱ्या राज्यात, कॅरीला, नोकरी धरून निघून गेले, त्यानंतरही.

डबा परत द्यायला मी त्याच आठवड्यात त्यांच्या अपार्टमेंटवर गेलो होतो. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"उघडला का, भाऊ?"

"छे. दुसऱ्याची वस्तू."

"उघडायचा होता," ते म्हणाले. "म्हणून तर ठेवून आलो. माझ्यानं तिथं सांगवलं नसतं." मग वळून म्हणाले, "या ना आत. चहा टाकतो."

मी दारातूनच सांगितलं की गाडी पार्किंगच्या मीटरवर लावली आहे, निघायला हवं.

मीटरमध्ये अजून तासभर शिल्लक होता.